घोड्यांचा मेंदूज्वर : दोष कोणाचा?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या आठवीच्या वर्गात एक लहानशी गोष्ट घडली. वर्गातील एका मुलाच्या घरी वरातीची घोडी आहे. करजगी आणि आसपासच्या खेड्यांत लग्नसराईचे दिवस आले की नवरदेव मिरवावयाचा तो याच घोडीच्या पाठीवर. आणि त्या चार महिन्यांच्या मिळकतीवर त्या घराने वर्ष काढावयाचे. ही घोडी एकाएकी आजारी पडली. तिला ताप भरला. ती दाण्याला तोंड लावीना. मागचे पाय लटपटू लागले आणि चालता चालता ती भिंतीला अंग घाशीत जाऊ लागली. नेमके त्याच सुमारास पारावर कोणीतरी वर्तमानपत्रातील मेंदूज्वराची बातमी मोठ्याने वाचून दाखविली. 'हा रोग घोड्यांनाही होतो' एवढे एकच वाक्य त्या बातमीतून सुटून गावभर हिंडले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या बाकावर कोणी बसेना.

मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्याकडे आला. "सर, घोडी गावाबाहेर नेऊन सोडा म्हणतात. तिच्या अंगाचा ताप पोरांना लागेल म्हणतात. खरं का सर?" असे त्याने विचारले. मी कलाशाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास शिकविणारा. मला उत्तर देता आले नाही. 'वाचून सांगतो' एवढेच मी म्हणालो. त्यानंतर जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि पडताळून पाहिले, ते विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावे, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

रोग कोणता?

मेंदूला सूज येऊन होणाऱ्या तापाला आपण मेंदूज्वर म्हणतो. आपल्या सीमाभागातील कन्नड भाषिक शेजारी त्यालाच 'मेदुळु ज्वर' म्हणतात. हे एका रोगाचे नाव नसून एका लक्षणाचे नाव आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मेंदूला सूज आणणारी कारणे अनेक आहेत आणि त्यांपैकी एक मोठे कारण म्हणजे विषाणू. विषाणू हा इतका सूक्ष्म की शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. तो स्वतंत्रपणे वाढू शकत नाही. दुसऱ्याच्या जिवंत पेशीत शिरावयाचे, तिच्याच साधनांनी आपल्यासारखे सहस्रावधी विषाणू घडवून घ्यावयाचे, आणि मग पुढच्या पेशीकडे वळावयाचे, हा त्याचा जीवनक्रम होय.

या विषाणूंपैकी काही असे आहेत की ते डासाच्या पोटातून आणि सोंडेतून एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जातात. डासाला मराठीत आपण डास किंवा मच्छर म्हणतो, कन्नडात 'सोळ्ळे', तर माझ्या कोंकणी मातृभाषेत 'जळार'. नावे तीन, पण उपद्रव एकच. डासांवाटे जाऊन घोड्यांच्या मेंदूला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच आहेत. त्यांपैकी तीन अमेरिका खंडातले : पूर्वेकडील, पश्चिमेकडील आणि व्हेनेझुएलाचा. चौथा 'वेस्ट नाईल', आणि पाचवा आपल्या आशियातला जपानी मेंदूज्वराचा विषाणू. आपल्या देशाच्या दृष्टीने हा पाचवा सर्वांत महत्त्वाचा. परंतु या रोगांचा उलगडा घोड्यांपासून कसा झाला हे समजण्यासाठी थोडे अमेरिकेत जावे लागेल.

एका घोड्याचे मस्तक

१८३१ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात पंचाहत्तर घोडे मेंदूच्या अनाकलनीय विकाराने मेले, अशी नोंद आहे. कारण कोणालाच कळले नाही. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १९३० च्या उन्हाळ्यात, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात घोड्यांवर मोठी साथ आली. सुमारे ६००० घोडे आजारी पडले आणि त्यांतील निम्मे दगावले. तेव्हा यंत्रे आली असली तरी शेतीचा पुष्कळ भार घोड्यांवरच होता. साथ म्हणजे शेतकऱ्याचा कणाच मोडणे होय.

कार्ल मेयर नावाचा, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला एक शास्त्रज्ञ त्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत संशोधन करीत होता. मेलेल्या घोड्यांच्या मेंदूंतून त्याला काहीच हाती लागत नव्हते. उन्हाने ते लवकर बिघडून जात. त्याला हवा होता तो मरणोन्मुख घोड्याचा ताजा मेंदू. एका मालकाने आपल्या घोड्याला हात लावू देण्यास साफ नकार दिला. तेव्हा मेयरने त्या मालकाच्या पत्नीला काही डॉलर देऊन राजी केले, आणि मालक झोपी गेल्यावर रात्रीच्या अंधारात त्या घोड्याचे मस्तक मिळविले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ही रीत अनुकरणीय आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या मेंदूतून विषाणू निघाला आणि तो पश्चिमेकडील मेंदूज्वराचा म्हणून ओळखला गेला. १९३३ साली केल्सर नावाच्या अमेरिकी सैन्यातील पशुवैद्याने डासांकडून हा रोग पसरू शकतो, हे प्रयोगाने दाखविले. त्याच वर्षी पूर्व किनाऱ्यावरील आजारी घोड्यांत पूर्वेकडील विषाणू सापडला.

इतके झाले तरी हा घोड्यांचाच रोग आहे, अशी समजूत होती. १९३८ साली ती मोडली. मॅसॅच्युसेट्समध्ये घोड्यांमागोमाग मुलेही त्याच रोगाने आजारी पडू लागली आणि दगावू लागली. तिकडे कॅलिफोर्नियात बिट्रिस हॉविट या संशोधिकेला एका मृत मुलाच्या मेंदूत पश्चिमेकडील विषाणू आढळला. त्या वेळी अनेकांच्या मनात जो विचार आला असेल, तोच आपल्या पारावर आला : घोड्यांपासून मुलांना रोग लागला! वरवर पाहता हे खरे वाटते. आधी घोडा, मग मूल. परंतु एका पाठोपाठ एक अशा दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिली ही दुसरीचे कारण असतेच, असे नाही. कोंबडा आरवल्यानंतर सूर्य उगवतो, म्हणून कोंबडा सूर्याला उगवावयास लावतो काय?

विषाणूची वाट

या प्रश्नाचे सविस्तर उत्तर मिळाले ते जपानी मेंदूज्वराच्या अभ्यासातून. जपानात १९२४ साली या रोगाची भीषण साथ आली. ६००० हून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्युमुखी पडली. १९३५ साली एका रुग्णाच्या मेंदूतून विषाणू वेगळा करण्यात आला. पुढे तोच घोड्यांच्या मेंदूतही आढळला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात शेरर आणि ब्युशर या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह जपानातील भातखाचरे, पाखरांच्या वसाहती आणि डुकरांचे गोठे यांत वर्षानुवर्षे शोध घेऊन विषाणूच्या प्रवासाचा नकाशा तयार केला. तो असा :

विषाणूचे माहेर म्हणजे पाणथळीतले पक्षी. बगळे, ढोकरी, यांसारखे पक्षी त्याला आपल्या रक्तात वागवितात, पण सहसा आजारी पडत नाहीत. भातखाचरात, गवताळ डबक्यात वाढणारा क्यूलेक्स जातीचा डास संध्याकाळी आणि रात्री बाहेर पडतो. त्याची मादी अंडी घालण्यासाठी रक्त शोषते. तिने अशा पक्ष्याचे रक्त प्यायले की विषाणू तिच्या पोटात जातो. तेथे तो वाढतो, आणि काही दिवसांनी तिच्या लाळेत उतरतो. मग ती ज्याला चावेल त्याच्या अंगात तो सोडला जातो. डुकराला चावली, तर विषाणूची चंगळच होते. डुकराच्या रक्तात तो थोड्याच दिवसांत विपुल वाढतो आणि त्याला चावणाऱ्या नव्या डासांना भरभरून मिळतो. डुकरांची पिल्लेही वर्षावर्षाला नवी येतात. म्हणजे ज्यांच्या रक्तात या विषाणूला तोंड देण्याची शक्ती अद्याप आलेली नाही, असे प्राणी त्याला सदैव मिळत राहतात.

आता घोडा आणि माणूस. डास या दोघांनाही चावतो. विषाणू दोघांच्याही अंगात शिरतो. क्वचित तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि अनर्थ करतो. परंतु या दोघांच्या रक्तात तो फारच थोडा आणि फार थोडा वेळ राहतो. त्या रक्ताचा थेंब दुसऱ्या डासाने प्यायला, तरी त्यातून त्या डासाला पुरेसा विषाणू मिळत नाही. म्हणून साथ घोड्याकडून पुढे सरकत नाही, माणसाकडूनही नाही. गावातील एखादा बोळ जसा आत जातो आणि भिंतीपाशी संपतो, तसे हे दोन्ही प्राणी विषाणूच्या दृष्टीने पुढे वाट नसलेले बोळ आहेत. विषाणू आत शिरतो, नासधूस करतो, आणि तेथेच त्याचा प्रवास संपतो.

तात्पर्य, आजारी घोड्याला स्पर्श केल्याने, त्याला खरारा केल्याने, त्याच्या शेजारी झोपल्याने जपानी मेंदूज्वर होत नाही. घोडा आणि मूल हे एकाच डासाचे दोन बळी होत. घोडा आधी आजारी पडला, याचा अर्थ एवढाच की तो रात्रभर उघड्यावर उभा होता आणि आपण घरात होतो. तो रोगाचा वाहक नव्हे. रोग गावाजवळ आला आहे असे सांगणारा जासूद आहे. जासुदाला गावाबाहेर हाकलल्याने शत्रू परत जात नाही.

येथे एक अपवाद मात्र नोंदविला पाहिजे. व्हेनेझुएलाच्या मेंदूज्वरात घोड्याच्या रक्तात विषाणू विपुल वाढतो आणि डास त्याच्याकडून तो पुढे नेतात. १९९५ साली व्हेनेझुएला आणि कोलंबियात अशी मोठी साथ आली होती. हा रोग अमेरिका खंडातला आहे. परंतु त्यावरून एक गोष्ट शिकावयाची : 'घोड्यांचा मेंदूज्वर' एवढ्या एका शब्दावर निर्णय देऊ नये, कोणता विषाणू, हे विचारावे.

आपल्या देशात

जपानी मेंदूज्वराचा भारतातील माग प्रथम लागला तो आपल्या मराठी मुलुखाच्या एका टोकाला. १९५२ साली नागपूर भागात लोकांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा काहींच्या रक्तात या विषाणूशी झालेल्या झुंजीच्या खुणा आढळल्या. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. आज तीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्ष रुग्ण प्रथम ओळखले गेले ते १९५५ साली, तमिळनाडूतील वेल्लोर येथे. १९७३ साली पश्चिम बंगालातील बांकुरा आणि वर्धमान या जिल्ह्यांत मोठी साथ आली. माझ्या जन्मभूमीत, गोव्यात, १९८२ साली या रोगाची साथ प्रयोगशाळेतील तपासणीने सिद्ध झाली. भाताची शेते, पावसाचे साचलेले पाणी आणि घरोघरची डुकरे हे तिन्ही जेथे एकत्र नांदतात, त्या आमच्या भूमीत तो रोग यावा, यात आज मला नवल वाटत नाही. २००५ साली उत्तर प्रदेशात गोरखपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांत सुमारे ५७०० जण आजारी पडले आणि १३०० हून अधिक दगावले. त्यांत बहुतेक मुलेच होती.

घोड्यांच्या बाबतीत हरियाणातील हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तेथील संशोधकांनी २००९ साली हरियाणातील आजारी घोड्यांपासून हाच विषाणू वेगळा काढला. म्हणजे आपल्या देशातील घोडाही या रोगापासून मुक्त नाही.

आपल्या भागात घोडा आता कमी झाला, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण तो अगदीच गेलेला नाही. मराठ्यांच्या फौजेत नावाजलेले भीमथडी घोडे भीमेच्याच खोऱ्यातले. धनगरांचे वाडे आजही चराईसाठी निघतात तेव्हा बिऱ्हाड, कोकरे आणि म्हातारी माणसे त्या जातीच्या तट्टांच्या पाठीवरूनच जातात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. खंडोबा हे दैवतच अश्वारूढ. मराठी माणूस ज्याला मल्हारी म्हणतो, त्यालाच कन्नड माणूस मैलार म्हणून पुजतो. घोड्याला देवाजवळ जागा देणाऱ्या आपण आजारी घोड्याला गावाबाहेर हाकलावे, हे शोभत नाही.

घोड्यातील लक्षणे

विषाणू अंगात शिरलेले बहुतेक घोडे आजारी पडतही नाहीत. ज्यांना रोग होतो त्यांना प्रथम ताप येतो, अन्नावरची वासना जाते, सुस्ती येते. काही दोन-चार दिवसांत बरे होतात. काहींच्या बाबतीत रोग मेंदूपर्यंत जातो. मग घोडा मान खाली घालून उभा राहतो, पाय अडखळतात, तोल जातो, घास गिळता येत नाही, अंगाला कंप सुटतो, क्वचित दिसेनासे होते. थोडे घोडे याच्या उलट अतिशय बेचैन होतात, घाम फुटून सैरावैरा धावतात आणि अखेर कोसळतात. अमेरिकेतील पूर्वेकडील मेंदूज्वर याहून फार घातक. त्यात मेंदूची लक्षणे दिसू लागलेल्या घोड्यांपैकी फारच थोडे वाचतात.

परंतु ही लक्षणे दुसऱ्या रोगांतही दिसतात, आणि येथेच सावधगिरी हवी. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने घोड्यालाही आलर्क रोग होतो. तोही लटपटतो, त्यालाही गिळता येत नाही. म्हणून गिळू न शकणाऱ्या घोड्याच्या तोंडात हात घालू नये आणि त्याची लाळ अंगाला लागू देऊ नये. 'सर्रा' नावाचा दुसरा रोग गोमाशीसारख्या चावऱ्या माश्यांमुळे होतो. त्याचे परोपजीवी जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली आपल्याच उपखंडात, डेरा इस्माईलखान येथे, आजारी जनावरांच्या रक्तात पाहिले. त्यात ताप येऊन जाऊन असतो, जनावर वाळते, मागचे पाय लुळे पडतात. पण सर्ऱ्यावर औषध आहे आणि वेळेवर मिळाले तर ते गुण देते. कोणता रोग, हे डोळ्यांनी ठरविता येत नाही. पशुवैद्याने रक्त तपासावे लागते. अंगारा, डागणी, चाबूक यांपैकी कशानेही या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

मनुष्यातील रोग

माणसांतही जपानी मेंदूज्वराचा विषाणू शिरलेल्या सुमारे २५० जणांमागे एखाद्यालाच गंभीर आजार होतो. बाकीच्यांना काही जाणवत नाही, किंवा साधा ताप येऊन जातो. परंतु ज्यांचा मेंदू सुजतो, त्यांच्यापैकी शेकडा ३० पर्यंत रुग्ण दगावतात. आणि जे वाचतात त्यांच्यातील शेकडा २० ते ३० जणांना आयुष्यभराचे व्यंग येते. कोणाची वाचा जाते, कोणाचा हात राहतो, कोणाला शिकलेले आठवत नाही. डास चावल्यापासून चार ते चौदा दिवसांत ताप चढतो. डोके दुखते, ओकाऱ्या होतात, मान ताठरते, झटके येतात, शुद्ध हरपते. मुलांना याचा धोका अधिक.

या विषाणूला मारणारे औषध अद्याप नाही. परंतु रुग्णालयात झटके आवरता येतात, मेंदूची सूज उतरविण्याचे उपाय करता येतात, श्वासाला आधार देता येतो. त्यानेच प्राण वाचतात. म्हणून तापातल्या मुलाला झटका आला किंवा ते बरळू लागले, तर देवऋष्याकडे एक रात्र घालवू नये. ती एक रात्रच पुष्कळदा निर्णायक ठरते.

आणि प्रत्येक मेंदूज्वर डासाचाच असतो असेही नाही. नागपूरजवळील चांदीपुरा या गावात १९६५ साली एक निराळा विषाणू सापडला आणि गावाचेच नाव त्याला मिळाले. तो वाळूमाशीच्या दंशाने पसरतो. २००३ साली आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, तर २०२४ साली गुजरातेत त्याने अनेक बालकांचे बळी घेतले. कारण कोणतेही असो, झटक्यांसह ताप आलेल्या मुलाची जागा रुग्णालयातच आहे.

रोग होऊन गेल्यावरच्या उपायांपेक्षा आधीचा उपाय भक्कम आहे, तो म्हणजे लस. गोरखपूरच्या साथीनंतर २००६ पासून आपल्या देशात रोगग्रस्त जिल्ह्यांतील मुलांना चीनमध्ये तयार झालेली लस देण्यास आरंभ झाला. पुढे आपल्याच राज्यातील कोलार येथे १९८१ साली एका रुग्णापासून मिळालेल्या विषाणूपासून भारतीय लस तयार झाली. पुण्याच्या संस्थेने तो विषाणू जपून ठेवला होता. हैदराबादच्या भारत बायोटेकने त्यापासून 'जेनव्हॅक' ही लस बनविली, आणि २०१३ साली तिला परवाना मिळाला. एका आजारी माणसाच्या शरीरातील विषाणू तीस वर्षांनंतर लाखो मुलांचे संरक्षण करू लागला, हे विज्ञानाचे केवढे सौजन्य! डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक शासनाने १ ते १५ वर्षे वयाच्या सुमारे ४८ लाख मुलांसाठी लसीकरणाची विशेष मोहीम काढली. त्या दहा जिल्ह्यांत आपला कलबुर्गी जिल्हाही होता. नित्याच्या लसीकरणात ही लस बाळाला नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, अशी दोनदा देतात. आपल्या धाकट्या भावंडांना ती मिळाली आहे की नाही, हे घरी जाऊन त्यांच्या कार्डावर पाहावे.

पाण्याकडे पाहावे

आपला भाग ज्वारीचा आणि तुरीचा. भाताची खाचरे येथे फारशी नाहीत. मग आपण का भ्यावे, असे वाटेल. परंतु भीमेवर बंधारे झाले, कालवे आणि उपसा आला, उसाच्या सऱ्या पाण्याने भरू लागल्या. पाणी आले ही समृद्धीच होय. तथापि पाणी जेथे साचून राहते, तेथे गवत उगवते, आणि गवताच्या आडोशाला डासाची अळी वाढते. बगळे तर नांगरामागून चालत येतातच. तेव्हा पाणी वाहते ठेवणे, हे पाणी आणण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रत्येकाच्या हातून होण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. शेताच्या कडेचे खड्डे बुजवावेत. बुजविता येत नसतील तेथे आणि बिनवापराच्या विहिरींत गप्पी मासे सोडावेत. डुकरांचे गोठे वस्तीपासून दूर ठेवावेत. सायंकाळी अंगभर कपडे घालावेत आणि मच्छरदाणीत झोपावे. घोडा, गाय, बैल यांच्या गोठ्यातील शेण व मूत्र साचू देऊ नये. घोडा रात्री डबक्याकाठी बांधू नये. शक्य तर आडोशाला बांधून जाळी लावावी. जपानात घोड्यांनाही लस टोचतात. आपल्याकडे याविषयी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. आणि एखादे जनावर अडखळू लागले, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. दडवून ठेवू नये. भीतीने दडविलेला रोग सर्वांनाच महाग पडतो. आणि लोक दडवितात ते बहुधा शेजारी वाळीत टाकतील या भयानेच. म्हणजे आजारी घराला वाळीत टाकणारा गाव स्वतःचेच डोळे बांधून घेत असतो.

घोडीचे काय झाले?

पशुवैद्य तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी घोडीच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि तो तपासून सांगितले की हा मेंदूज्वर नव्हेच. हा सर्रा आहे. सुई टोचली. पुढे आणखी औषधपाणी झाले. दिवाळीपर्यंत घोडी दाणा खाऊ लागली आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वरातीत ती झूल पांघरून उभी होती, किंचित अशक्त, पण मान ताठ.

ती बरी झाली म्हणून भीती चुकीची ठरली, असे मात्र कोणी समजू नये. तिला खरोखरच जपानी मेंदूज्वर झाला असता, तरीसुद्धा त्या मुलाच्या बाकावर बसण्यास कोणतीच हरकत नव्हती. हेच या पाठाचे सार आहे. मी हे सर्व वर्गात सांगितले, त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी वर्गात गेलो, तेव्हा त्या बाकावर तिघे जण दाटीने बसले होते. बाक दोघांचा होता. तरी मी कोणाला उठविले नाही.

स्वाध्याय

१. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा पक्षी, डास, डुक्कर, घोडा आणि मनुष्य यांच्यामधील प्रवास बाणांनी दाखवा. कोणत्या बाणांपुढे वाट संपते ते सांगा.

२. 'आधी घोडा आजारी पडला, मग मूल. म्हणून घोड्यापासून मुलाला रोग झाला.' या विधानातील दोष स्पष्ट करा.

३. व्हेनेझुएलाचा मेंदूज्वर आणि जपानी मेंदूज्वर यांत घोड्याची भूमिका कशी वेगळी आहे?

४. आपल्या घरापासून शंभर पावलांच्या आत पाणी कोठे साचते, ते पाहून वहीत लिहा. त्यांपैकी एक जागा वडीलधाऱ्यांच्या मदतीने या आठवड्यात कोरडी करा.

५. आपल्या गावात कोणत्या आजाराच्या भयाने लोक एकमेकांपासून दूर राहतात? त्या भयाला आधार आहे काय, हे डॉक्टरांना विचारून दहा ओळी लिहा.